देठाकडची चकती

टण्ण.

ओसरीच्या फरशीवर स्टीलचा पेला टेकला आणि घर जागं झालं. आठ महिन्यांपासून आमच्याकडे सकाळ अशीच होते. गोपाल, माझा नवरा, तोवर भाजीची गाडी घेऊन पिंपळगावहून खामगावच्या बाजारात पोचलेला असतो. सासूबाई परसात असतात, मी ओट्याशी. आणि आबा, माझे सासरे, दुधीचा रस पिऊन पेला असा ठेवतात की शेजारच्या निवृत्तीबुवांनाही कळावं, इंद्रभानचं औषध झालं.

त्या आवाजाने अर्पिता उठते. पाच वर्षांची आहे. डोळे न उघडता, भिंत चाचपत ओसरीवर जाते. पेल्याच्या तळाशी आबांनी तिच्यासाठी दोन घोट राखलेले असतात. ते प्यायले की गुळाचा खडा. तो आबांच्या बंडीच्या खिशात असतो, कागदात गुंडाळलेला. साखर झालेल्या माणसाच्या खिशात गूळ कशाला, असं सासूबाई रोज म्हणतात. नातीचा आहे, मी वासही घेत नाही, असं आबा रोज सांगतात.

रसाचं हे खूळ शिबिरातून आलं. मागच्या थंडीत मारुतीच्या देवळात कोणी आरोग्यवाले तीन दिवस बसले होते. बरंच चांगलं सांगितलं त्यांनी. रात्री लवकर जेवा, ज्वारीची भाकर सोडू नका, तेल हात राखून घाला, चाला. आबांनी सगळं केलं आणि खरंच त्यांची साखर उतरली. पण त्यातली एक गोष्ट त्यांच्या मनात फारच खोल गेली, की कडू जेवढं जास्त तेवढं ते साखरेवर चालतं. तेव्हापासून दुधीच्या रसात कधी कारलं, कधी कडुनिंबाची चार पानं. मिक्सर नको, किसून फडक्यातून पिळायचं. पहिल्या घोटाला त्यांचं तोंड वाकडं व्हायचं आणि ते तिथूनच विचारायचे, आज काय घातलं, विष? मी म्हणायची, कडूच पाहिजे म्हणता न तुम्ही, प्या. आमची रोजची थट्टा होती ती. गल्लीलाही पाठ झालेली.

वेल धरेपर्यंत दुधी बाजारातून यायचा, आता घरचाच. मागच्या कुंपणावर तीन वेल आहेत. बी सासूबाईंनी धरलेलं. मागच्या साली तिथलाच एक मोठा दुधी त्यांनी वेलावरच वाळू दिला, बिया राखेत घोळवल्या आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवल्या. तो दुधी ज्या वेलाचा, त्याचे बाकीचे सगळे आम्ही खाल्ले होते. गोड होते. तेव्हा पलीकडून निवृत्तीबुवांचा तुंब्याचा वेलही त्याच कुंपणावर चढला होता. बुवा भजनी मंडळात वीणा धरतात, नव्या वीणेसाठी त्यांना मोठा भोपळा हवा होता. दोन्हीकडची पांढरी फुलं संध्याकाळी एकदमच उमलायची, एकमेकांत मिसळून. कोणतं कोणाचं ते कळायचं नाही. अर्पू त्यांना चांदण्या म्हणायची आणि मी तिला कडेवर घेऊन तिथं उभी राहायची.

यंदा दोन वेल श्रावणातच धरले. तिसरा उशिरा. त्याचा पहिला दुधी हरतालिकेच्या आदल्या दिवशी निघाला. मान बारीक, पोट गोल. सासूबाईंनी तो हातात तोलून पाहिला.

"ह्याचं पोट पाह्य," त्या म्हणाल्या, "तुह्या सासऱ्यावानीच."

आम्ही दोघी हसलो आणि तो ओट्याखाली ठेवला.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला पहिली गोष्ट शिकवली ती ही, की काकडी असो नाहीतर दुधी, देठाकडची चकती कापायची, जिभेला लावायची, मगच पुढं सुरी घालायची. आपला उपवास असेल तर घरात दुसऱ्या कोणाला द्यायची. गेल्या वर्षापासून उपवासाच्या दिवशी हे काम अर्पूचं. तिला त्याचा भारी तोरा. चकती चाटते, डोळे मिटते, डॉक्टरसारखी थांबते आणि सांगते, "चालते."

हरतालिकेला सकाळी सहा वाजता मी चकती कापली. माझा निर्जळी उपवास. सासूबाईंचाही, आणि त्या पूजेची पत्री आणायला मळ्याकडे गेलेल्या. चकती घेऊन मी आतल्या खोलीच्या दारात उभी राहिले. अर्पू उताणी झोपली होती. एक हात माझ्या उशीवर, मी नसते त्या जागी. तोंड जरासं उघडं, कपाळावर केस चिकटलेले. दोन दिवसांच्या खोकल्यानंतर पहिल्यांदाच तिला अशी झोप लागली होती. हाक ओठापर्यंत आली. मग वाटलं, घरचाच तर दुधी आहे.

चकती ओट्यावर ठेवली आणि किसायला बसले. सालं शेळीपुढं टाकली. तिनं ती हुंगली आणि मान फिरवली. पोट भरलं असेल, असं मी समजले.

आबांनी पहिला घोट घेतला आणि रोजच्यासारखंच विचारलं, "सूनबाई, आज काय घातलं, विष?"

"कडूच पाहिजे म्हनता न आबा. प्या."

"आज मात्र जबर आहे," ते म्हणाले. पुन्हा एक घोट घेतल्याचा आवाज आला. "आज तं साखर गाव सोडूनच पळते."

मग पेला टेकला. टण्ण. मी हसले आणि पूजेची वाळू चाळायला घेतली. आज रसात कारलं घातलेलं नाही, कडुनिंबही नाही, हे माझ्या ध्यानात यायला अर्धा तास लागला. तोवर आबा मोरीत वाकलेले होते.

पहिली उलटी हिरवी होती. पित्त झालं, ते म्हणाले, आणि मला आत जा म्हणून हाताने खुणावलं. सुनेसमोर उलटी करायची त्यांना लाज वाटत होती. दुसऱ्या उलटीला ते भिंत धरून खाली बसले. तिसऱ्या उलटीत लाल होतं. कुंपणाशी जाऊन निवृत्तीबुवांना हात केला, तशी त्यांनी मुलाला गाडी काढायला सांगितली आणि स्वतः आमच्या घरात आले. ओट्यावर अर्धा दुधी तसाच पडला होता. त्यांनी तो उचलला, गोल पोटावर बोटाने टिचकी मारली, वीणेच्या भोपळ्याला मारतात तशी, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हा कुठचा व्हय, सूनबाई? हा तं माह्या तुंब्यावर गेला, फुलं मिसळली तवाच बी कडू झालं. हा खायाचा नसते."

मी ओट्यावरची चकती जिभेला लावली. उपवास तिथंच मोडला. कारल्याचं कडू वेगळं, कडुनिंबाचं वेगळं, ते तोंडात राहतं. हे घशात शिरलं, कानापर्यंत गेलं. मी थुंकले, चूळ भरली, पुन्हा भरली, तरी ते तिथंच.

आणि मग मला पेला आठवला.

ओसरीवर तो आडवा पडला होता. रिकामा. पायरीवर अर्पू बसली होती, बोटं चाटत. गुळाचा कागद तिच्या मांडीवर.

"अर्पू, आबाच्या पेल्यातलं तू पेली?"

तिनं आधी आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हो."

सासूबाई पत्रीची ओंजळ घेऊन दारात येत होत्या. कोणी काय सांगितलं, कोण काय बोललं, मला सांगता येणार नाही. गाडीत पुढं बुवा आणि त्यांचा मुलगा. मागच्या सीटवर आबांचं डोकं सासूबाईंच्या मांडीवर होतं आणि अर्पू माझ्या. मी तिच्या पोटावर हात ठेवून बसले होते. ते मऊ होतं, गरम होतं, आणि मी त्याच्या आत काय चाललंय ते हाताने ऐकायचा प्रयत्न करत होते. दुखतं का, विचारलं की ती नाही म्हणायची. पुन्हा विचारलं की विचारात पडायची. पत्रीतली दोन पानं सासूबाईंच्या पदराला चिकटलेली होती. त्या एकच वाक्य बोलल्या, तेही खिडकीकडे पाहत. "बी मीच धरलं होतं."

अर्ध्या रस्त्यात आबांनी डोळे उघडले. त्यांचा हात थंड पडला होता, घामाने निसटत होता.

"पोरीनं पेलं का?"

मी त्यांचा हात पदराने पुसत राहिले. अर्पू मात्र शहाण्यासारखी म्हणाली, "हो आबा. सगळं पेली."

आबांनी डोळे मिटले. तोवर पोटात कळ आली की ते कण्हायचे, आता तेही थांबलं. ओठ दाबून धरले होते त्यांनी. स्वतःचं दुखणं आता त्यांना मोजायचंच नव्हतं, असं मला वाटलं.

गोपाल बाजारातून तसाच खामगावच्या दवाखान्यात आला होता. शर्टाला मेथीची माती. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला की दुधी कडू होता का. होता म्हटल्यावर त्यांनी पुढचं ऐकूनही घेतलं नाही, आबांना आत नेलं. रक्तदाब फार खाली गेलाय, असं थोड्या वेळाने बाहेर येऊन सांगितलं, अकोल्याला न्यावं लागेल, गाडी बोलावलीय. मी अर्पूचंही सांगितलं, तसे ते तिच्यापुढं गुडघ्यावर बसले. किती घोट प्यायलीस, बाळा? एक की दोन?

अर्पूने माझा पदर तोंडावर ओढला. मी वाकले. तिच्या श्वासाला गुळाचा वास येत होता.

"आई, मी तुळशीत ओतलं," ती माझ्या कानात म्हणाली. "लय कडू होतं. आबाले नको सांगू, नाहीतं ते गूळ नाही देत."

मी तिला इतकं घट्ट धरलं की ती कळवळली. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी तिची जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि तरी दुपारपर्यंत इथंच थांबा म्हणाले. मी उठून आबांकडे धावले, पण स्ट्रेचर गाडीत चढलेलं होतं. सासूबाई आत बसल्या होत्या, गोपालचा एक पाय पायरीवर. मी त्याच्या बाहीला धरलं.

"पोरीनं पेलं नाही. त्यांच्या कानात सांगा. आधी तेवढं सांगा."

दार लागलं. गाडी फाटकातून वळली आणि तिचा आवाज रस्त्याच्या आवाजात मिसळून गेला.

आम्ही दोघी बाकावर बसलो. निवृत्तीबुवा बाहेर, झाडाखाली, टोपी हातात घेऊन उभे. समोरच्या भिंतीवर रोजच्या आहारात काय असावं याचं चित्र होतं: ताट, त्यात भाकरी, डाळ, पालेभाजी, आणि बाजूला एक हिरवागार दुधी. अर्पूने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. तिला पाणी दिलं, बिस्कीट दिलं. मला नर्सबाईंनी चहा आणून दिला. तो मी घेतला, कारण आता कसला उपवास. चहाही कडू लागला.

बाराच्या सुमारास गोपालचा फोन आला. पोचलो, म्हणाला. आत घेतलंय. कोणी काही सांगत नाही. मी विचारलं, सांगितलं का त्यांना?

"सांगितलं. दोनदा सांगितलं. पन ऐकू गेलं का नाही, समजत नाही."

फोन ठेवला. अर्पू माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली होती. झोपली असेल असं वाटलं. मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारत होते, सकाळी सारायचे राहिलेले.

"आई."

"हं."

"तुह्या उपवासाले मीच चाखते न?"

"हो, राजा."

तिनं मान वळवली आणि खालून सरळ माझ्याकडे पाहिलं.

"मंग आज मले काऊन नाही उठवलं?"