घरचा घोट

वाइन चाखणं हीच त्याची नोकरी. दिवसभर घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, बादलीत थुंकायचा आणि शेरा मारायचा. संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याची जीभ लाकूड झाली होती. लग्नाचा वाढदिवस म्हणून बायकोने हौसेने स्वस्तातली ऑस्ट्रेलियन रेड वाइन आणली होती. नेमकी तीच, जिला त्याने सकाळी नापास केलं होतं! उभ्याउभ्याच त्याने घोट घेतला, घोळवला आणि सवयीने सिंकमध्ये थुंकला. बायकोचा चेहरा खर्रकन उतरला.

"थुंकायचा पगार तिकडे मिळतो," ती म्हणाली. "इथे माझ्याजवळ बसून प्यायची."

तो तिच्याजवळ बसला. पुढचा घोट पोटात उतरला तसे त्याचे खांदे सैल पडले.

"कशी आहे?"

"काय सांगू?" तो म्हणाला. "आजवर प्यायलोय कुठे?"