एक जून

सालातल्या सहाचा शेपटा जरा जास्तच खाली ओढला गेला होता—निळी शाई, आणि अक्षर निःसंशय आपलंच, हे सोनटक्के बाईंनी शाळेचं रजिस्टर स्वतःकडे वळवून पुन्हा एकदा पाहिलं. मैना गेमा राठोड, जन्म एक जून. त्या पानावरची सगळीच मुलं एक जूनला जन्मली होती. तांड्यात तारीख कुणाला ठाऊक असते, आणि एक जून शाळेला सोयीचा... पण साल? साल आपण दोनने मागं ढकललं. तेव्हा पट एका पोराने कमी पडत होता, दुसऱ्या शिक्षकाची जागा जाणार होती, आणि ही चार वर्षांची चिमुरडी भावामागे येऊन पायरीवर बसायची. बसवली आत, सहा वर्षांची म्हणून. बाकीच्यांचे दुधाचे दात पहिलीत पडले, हिचा तिसरीत—मुठीत घेऊन दाखवायला आली होती. आपण हसलो होतो, चक्क.

समोर मैनाची आई झमकाबाई उताऱ्यासाठी बसली होती. रविवारी लग्न, ग्रामसेवकाने वयाचा कागद मागितला होता. मग दिवाळीआधीच नवरा-बायको मिळून एक कोयता, थेट ऊसतोडीला. कागदावर अठरा पूर्ण. खरी सोळा—पण ते सांगायचं तर स्वतःच्याच सहीला खोटं म्हणायचं, निवृत्तीला पाच महिने उरले असताना... बाईंना झमकाबाईचाच राग आला. आई आहे, हिला कळत नाही? कळून सवरून गप्प बसलीय.

घाई कशाची, असं त्यांनी विचारून पाहिलं.

"आमी फडावर गेल्यावर पोरीला तांड्यात एकटी कुनाच्या भरोशावर ठिवू, बाई? आन् अठरा झाले की आता."

दारात उभी असलेली मैना पहिल्यांदाच बोलली. "बाई, कमळी माझ्याच बरोबरची. तिला सोळावं सरलं म्हनत्यात. मग मला अठरा कसे?"

"मला काय इचारती," झमकाबाई म्हणाली, "मी फडात बाळंत झाले, कुठलं साल ध्यानात ऱ्हातंय. बाईंनी लिव्हलंय तेच खरं."

त्यात लबाडी नव्हती. बाईंचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी काहीच येईना. म्हणजे हिला माहीतच नाही... कुणालाच नाही. या पोरीचं खरं वय जगात एकट्या मला माहीत आहे. मायलेकी उत्तराची वाट पाहत होत्या, आणि पेन्शनचा विचार करू म्हटलं तरी तो सुचत नव्हता.