आवाजी मतदान

भास्करच्या उमेदवारी अर्जावर प्रस्तावक म्हणून पाच वेळा माझी सही आहे. नव्वद, त्र्याण्णव, अठ्ठ्याण्णव, दोन हजार तीन आणि दोन हजार आठ. पहिल्या तीन सह्यांची मला आजही लाज वाटत नाही.

आम्ही तिघं देवासच्या एकाच कारखान्यातले. मी फिटर, भास्कर टूल रूममध्ये, आणि दत्ताजी फोर्ज शॉपला, तापलेलं लोखंड ठोकणाऱ्या मोठ्या हॅमरवर. तिघंही महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलो आणि इथलेच होऊन गेलो. दत्ताजींचे कान त्या हॅमरनं दहा वर्षांत खाल्ले. पाठीमागे फटाका फुटला तरी ते वळून बघत नसत. पण ओठ वाचण्यात इतके तरबेज, की फाटकापलीकडे साहेब कुणाला शिव्या घालतोय ते इकडे उभे राहून शब्दाशब्दानं सांगायचे. मराठी वाचायचे, हिंदी वाचायचे, माळवीसुद्धा. फक्त मिश्या आड यायच्या. म्हणून मी माझी काढून टाकली, ती आजतागायत ठेवली नाही. सोललेल्या बटाट्यासारखे दिसता, असं बायको म्हणाली होती.

नव्वदच्या निवडणुकीत भास्कर अपक्ष उभा राहिला. फाटकावरच्या पहिल्या सभेनंतर दत्ताजी त्याला म्हणाले, "तुझं भाषण सगळ्यांना कळलं, मला सोडून. ते झुडूप काप आधी." दुसऱ्या दिवशी भास्कर मिशी अगदी बारीक करून आला.

"एका मतासाठी एवढं?" मी चेष्टा केली.

"मतासाठी नाही रे, दत्ताजींसाठी," तो म्हणाला.

असा होता तो. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं ऐकून कुणीही म्हणेल की माणूस मुळातच तसला असणार. नव्हता.

विधानसभेत बहुतेक कायदे आवाजी मतदानानं होतात. अध्यक्ष विचारतात, बाजूचे एकदम 'हाँ' म्हणतात, विरोधातले 'ना', आणि ज्यांचा गलका मोठा ते जिंकतात. कोण काय म्हणालं, ते कुठे लिहिलं जात नाही. निवडून आलेल्या भास्करला हे खपायचं नाही. तो दर वेळी उठून मतविभाजन मागायचा, म्हणजे ज्याचं मत त्याच्या नावापुढे लागलं पाहिजे. एक्क्याण्णवला एका विधेयकाच्या विरोधात मोजून तीन मतं पडली आणि सगळं सभागृह हसलं. आम्ही ती तीन मतं छापून गावभर वाटली. प्रत्येक अधिवेशनानंतर आमचं पत्रक निघायचं: कशाला 'हाँ', कशाला 'ना', आणि का. मजकूर भास्करचा, शुद्धलेखन तपासायचं काम माझं, आणि भिंतींवर चिकटवायला दत्ताजी, कोपरापर्यंत खळ लावून. त्या दिवसांत मला माझा फार अभिमान होता.

त्र्याण्णवला तो पडला. पाच वर्षं घरी बसून त्याचं तोंड उतरलं. अठ्ठ्याण्णवला सत्तेतल्या पक्षानं तिकीट देऊ केलं आणि त्यानं ते घेतलं. "आत शिरल्याशिवाय कामं होत नाहीत, शरद," तो म्हणाला. मला पटलं. खरं सांगायचं तर मलाही त्याच्याइतकंच जिंकायचं होतं. पुढे पत्रकात मतांच्या जागी हातपंप आणि रस्ते आले, आणि मग पत्रकच बंद झालं.

दोन हजार दोनच्या मार्चमध्ये एक विधेयक आलं. कारखाना बंद केला तर त्याची जमीन मालकाला खुशाल विकता यावी, असं त्यात होतं. आमचा मालक कशाची वाट बघतोय हे चहाचा टपरीवालासुद्धा सांगू शकला असता. मी आणि दत्ताजी भोपाळला निघालो. दर्शक दीर्घेचे, म्हणजे प्रेक्षक गॅलरीचे, पास भास्करनंच काढून दिले होते, जुन्या सवयीनं. सोनकच्छला बस थांबली तेव्हा दत्ताजींनी मला कचोरी घेऊन दिली. "आज उठतो बघ तो," ते म्हणाले. लग्नाला निघाल्यासारखे खुशीत होते.

पक्षाचा व्हिप होता. विरोधात मत गेलं असतं तर भास्करची आमदारकी गेली असती. तो तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसला होता. दत्ताजी कठड्यावरून त्याच्या तोंडाकडे बघत होते. अध्यक्षांनी पुकारलं, 'हाँ'चा गलका उठला, भास्करची मान वर झाली आणि ओठ उघडले. दत्ताजींनी माझा दंड गच्च धरला. मग 'ना'. चार-पाच आवाज आले, तेही समोरच्या बाकांवरून. भास्करचा आवाज मी वीस वर्षं ऐकलेला. तो त्यांत नव्हता. मतविभाजन कुणी मागितलं नाही. लगेच पुढचं काम सुरू झालं.

परतताना सोनकच्छ येईपर्यंत दत्ताजी खिडकीबाहेर बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हाँ म्हणाला ना तो?"

मी मान हलवली. हो.

दोन हजार तीनची निवडणूक आली तेव्हा कारखाना बंद होणार, ही कुणकुण पक्की झाली होती. दत्ताजींनी दोनशेवर कामगारांच्या सह्या गोळा केल्या. भास्करला सोडायचं आणि आपल्यातलाच एक जण उभा करायचा. पाळी सुटताना फाटकावर सभा झाली. भास्कर स्वतः आला. दत्ताजी उभे राहिले. त्यांचा आवाज बहिऱ्यांचा असतो तसा, चढा आणि सपाट. "इसने भोपाल में हाँ कहा. मैंने अपनी आँख से देखा."

मागून कुणीतरी ओरडलं, "भास्कर भिया, सच बोलो!"

भास्करनं हात जोडले. "दत्ताजी मेरे बड़े भाई हैं. पर भिया, इनके कान तो हैमर ले गया. शरद भी वहीं बैठा था. इसके कान सलामत हैं. इसी से पूछ लो."

चार-पाचशे माणसं माझ्याकडे बघायला लागली. भास्करसुद्धा बघत होता. त्याच्या डोळ्यांत धमकी नव्हती, गयावया होती, आणि ती मला बघवेना. पण त्याची दया आली म्हणून मी तसं बोललो, असं म्हणणं खोटं होईल. खरं कारण वेगळं होतं. भास्कर खोटा ठरला असता, तर तेरा वर्षं त्याच्यासाठी सह्या करणारा मी कोण ठरलो असतो?

"ना कहा था," मी म्हणालो. "मैंने सुना."

आधी एक जण हसला, मग सगळे. "बेरो सुणवा गयो थो भोपाल!" बहिरा ऐकायला गेला होता म्हणे, असा कुणीतरी माळवीत टोमणा मारला आणि हशा आणखी वाढला. दत्ताजी हसणाऱ्यांकडे बघतच नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मध्ये मिशी नव्हती. प्रत्येक शब्द त्यांना लख्ख वाचता आला असणार. त्यांनी सह्यांचे कागद घडी करून खिशात घातले, सायकल घेतली आणि गेले.

भास्कर थोडक्या मतांनी निवडून आला. सहा महिन्यांनी कारखान्याला टाळं लागलं. फोर्ज शॉप होतं तिथे आता मॅरेज गार्डन आहे. लग्नाच्या दिवसांत बँडचा आवाज आमच्या घरापर्यंत येतो. दत्ताजी बायकोला घेऊन धारला मुलाकडे गेले. जाताना माझ्या घरावरूनच गेले, पण थांबले नाहीत.

दोन हजार आठला पक्षानं भास्करचं तिकीट कापलं. तो पुन्हा अपक्ष उभा राहिला. अपक्षाला दहा प्रस्तावक लागतात. नऊ त्यानं नात्यागोत्यातून जमवले आणि दहाव्यासाठी माझ्याकडे आला. केस पांढरे झालेले, मिशी अजून तशीच बारीक. बरोबर छापायला द्यायचं पत्रक होतं. इतक्या वर्षांनी त्यानं पुन्हा मतांचं पत्रक काढलं होतं. "शुद्धलेखन बघ रे, नेहमीसारखं," तो म्हणाला.

मी चष्मा लावून वाचलं. शेवटून दुसऱ्या ओळीत दोन हजार दोनचं विधेयक होतं. त्याच्यापुढे 'ना'. आणि खाली लिहिलं होतं, 'प्रत्यक्ष साक्षी: शरदजी, फिटर.'

मी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. ती ओळ तशीच ठेवली. मग अर्जावर सही केली. हात थरथरला असता तर निदान काहीतरी शिल्लक आहे असं वाटलं असतं. सही नेहमीसारखी आली, वळणदार.

भास्करची अनामत जप्त झाली. निकालानंतरच्या रविवारी मी इंदूरमार्गे धारला गेलो. बदनावरच्या रस्त्याला लागून दत्ताजींच्या मुलाचं घर आहे. दार जमुनाबाईंनी, दत्ताजींच्या बायकोनं उघडलं. "या भावजी," एवढंच म्हणाल्या. दत्ताजी खुर्चीत बसले होते, खूप वाळलेले. मी समोर स्टुलावर बसलो, उजेड माझ्या तोंडावर पडेल असा. ही सवय अंगातून गेली नव्हती.

त्यांनीच विचारलं, "यंदा प्रस्तावक कोण होतं त्याला?"

"मीच," मी म्हणालो.

त्यांनी ते माझ्या ओठांवर वाचलं आणि नुसती मान हलवली. मी घाईघाईनं पुढे सरकलो. "दत्ताजी, त्या दिवशी फाटकावर मी..."

त्यांनी डोळे मिटून घेतले.

मला आधी वाटलं, थकले असतील. मग लक्षात आलं. ज्या माणसाचे कान डोळ्यांत असतात, त्याला न ऐकायचं असेल तर दुसरं काय करता येणार? तरीही मी बोललो. सगळं बोललो, त्या मिटलेल्या पापण्यांसमोर. तो हाँ म्हणाला होता, तुम्ही खरं बोलत होता, खोटा मी होतो. माझा आवाज फुटला, मी लहान मुलासारखा रडलो. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही.

आतल्या दारात जमुनाबाई उभ्या होत्या. त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

"हे फाटकावर बोलायचं होतं, भावजी," त्या म्हणाल्या, आणि चहाचा कप माझ्यासमोर ठेवून आत गेल्या.

चहा मी प्यालो नाही. उठलो, दत्ताजींच्या पायांना हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. दाराशी चपला घालताना एकदा वळून पाहिलं. ते तसेच बसले होते, डोळे मिटून.