एका शब्दाच्या दोन शेगड्या

प्रत्येक कचेरीत नाकावर माशी बसू न देणारं एक तरी माणूस असतं. या कारखान्यात ते माणूस म्हणजे भाषांतरकार बाई. घरगुती उपकरणांच्या खोक्यांवरचा स्पॅनिश मजकूर त्या लिहायच्या. टेबलावर तीन जाडजूड शब्दकोश, भिंतीवर परीक्षेचं प्रमाणपत्र. म्हणून सगळे त्यांना पाठीमागे कोशबाई म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

आता स्पॅनिश वीसेक देशांत बोलतात, आणि रोजच्या यंत्रांची नावं देशागणिक बदलतात. कॉम्प्युटरला कुणी ऑर्देनादोर म्हणतं, कुणी कोंपुतादोरा. मोबाइल कुठे मोव्हिल, तर कुठे सेलुलार. विक्रीवाले विचारायला आले, की कोशबाईंचं उत्तर ठरलेलं असे, "कोशात जे पहिलं दिलंय ते बरोबर. बाकीच्यांनी शिकून घ्यावं."

त्या आठवड्यात खोली गरम करायच्या छोट्या विजेच्या हीटरची खोकी छापून आली. वर ठळक अक्षरांत शब्द होता, 'एस्तुफा'. पॅकिंगमधल्या मावशींनी खोकं हातात घेतलं आणि त्या थबकल्या. स्पॅनिश ही मावशींच्या घरची भाषा. लहानपणी आईचं बोट धरून त्या फार लांबून इथे आल्या होत्या. खोकं घेऊन त्या सरळ कोशबाईंकडे गेल्या.

"बाई, एक विचारू का? आमच्याकडे एस्तुफा म्हणजे स्वयंपाकाची शेगडी. हे तर अंग शेकायचं दिसतंय."

"एस्तुफा म्हणजे खोली गरम करायचं साधन, मावशी. कोश उघडून दाखवू?"

"तसं म्हणणारे देश असतीलही. पण हा माल आमच्याकडच्या लोकांसाठीच चाललाय ना?"

"घरगुती बोलीत खोकी छापली तर चारचौघांत हसं होईल आपलं. तुम्ही पॅकिंगचं बघा, शब्दांचं मी बघते."

मावशी खोकं घेऊन परत पॅकिंगमध्ये गेल्या. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण उंटावरच्या शहाण्याला काय सांगणार? शनिवारी साहेबांनी पॅकिंगमधल्या प्रत्येकाला वापरून बघायला एकेक हीटर दिला. मावशीही आपलं खोकं घरी घेऊन गेल्या.

सोमवारी त्या उशिरा आल्या. दुपारी माल गाडीत चढायचा होता, त्यामुळे सगळ्यांचीच धावपळ चालली होती. मावशींनी तो हीटर कोशबाईंच्या टेबलावर ठेवला. वरची जाळी काळी पडली होती आणि तिला करपलेल्या दुधाचा वास येत होता.

"हे काय झालं?" कोशबाईंनी विचारलं.

"काल मी बाजारात गेले होते. घरी आई एकटी. तिला आमच्या भाषेशिवाय दुसरी येत नाही. तिनं खोक्यावरचं नाव वाचलं आणि तिला वाटलं, लेकीनं नवी शेगडी आणली. वर दुधाचं पातेलं ठेवलं. दूध काही तापेना, म्हणून ते सरकवायला गेली तर कलंडलं. आत ठिणग्या उडाल्या. उजवा हात मनगटापर्यंत भाजलाय. डॉक्टर म्हणाले, भरून येईल."

"पण आत सूचना होती..."

"होती. 'एस्तुफा झाकू नका.' बाई, शेगडीवर पातेलं ठेवणं याला झाकणं कोण म्हणतं?"

कोशबाईंनी कोश ओढला. पहिला अर्थ त्यांचाच होता. पण त्याच्या खाली, बारीक अक्षरांत, काही देशांच्या नावांपुढे स्वयंपाकाच्या शेगडीचा अर्थही दिलेला होता. पहिली ओळ वाचून त्यांनी कोश मिटला होता. दुधानं तोंड पोळतं हे त्यांनी ऐकलं होतं. आपल्या एका शब्दानं म्हाताऱ्या बाईचा हात पोळला, हे ऐकून त्यांना फार लाज वाटली.

मावशींनी आवाज चढवला नाही. "तुमचा शब्द खोटा नव्हता. आपली इथलीच भाषा घ्या ना. शेगडी म्हटलं की एक जण दूध तापवतो, दुसरा हात शेकतो. दोघंही बरोबर. पण खोक्यावर छापताना शब्द कुणाच्या घरी चाललाय, हे बघायला नको?"

"मग काय लिहू?" हा प्रश्न कोशबाईंनी इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कुणाला विचारला.

"कालेफाक्तोर लिहा. इकडच्यांना, तिकडच्यांना, दोघांनाही कळतं. आणि सूचना सरळ द्या, यावर भांडं ठेवू नका."

कोशबाई तडक कारखान्याच्या आवारात गेल्या. निम्मी गाडी भरून झाली होती. त्यांनी हमालांना थांबवलं, तसे साहेब धावत आले.

"अहो, एका शब्दासाठी गाडी अडवताय?"

"साहेब, एका शब्दानं एक हात भाजलाय आणि या गाडीत पाच हजार खोकी आहेत! चूक माझी आहे. मावशींनी मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

हे त्या सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं बोलल्या. साहेबांनी एकदा मावशींकडे पाहिलं आणि माल उतरवायला सांगितलं.

चार दिवसांनी नव्या खोक्यातला हीटर घेऊन कोशबाई मावशींच्या घरी गेल्या. आजींच्या हाताला पट्टी होती. कोशबाईंनी त्यांच्या भाषेत त्यांची माफी मागितली. आजींनी खोक्यावरचं नाव वाचलं, मान डोलावली आणि हीटर पायाशी ठेवायला लावून लेकीला काहीतरी सांगितलं.

मावशी हसल्या. "आई म्हणते, पहिल्यांदाच असं लिहिलं असतंत, तर दूध तरी वाचलं असतं."

वाचकहो, आपण सगळेच काही ना काही लिहितो. कुणी सूचना, कुणी नोटीस, कुणी औषधाच्या पुडीवर दोन ओळी. शब्द कोशात बरोबर असला म्हणजे काम झालं असं नाही; तो वाचणाऱ्याच्या घरीही बरोबर ठरायला हवा. म्हणून लिहिण्याआधी त्या घरच्या माणसाला एकदा विचारावं. विचारल्यानं आपला मान कमी होत नाही. न विचारल्यानं हात मात्र दुसऱ्याचा भाजतो.