बाईंच्या घरचा बॉयलर

यांतीनने बादली पोटमाळ्यावर चढवली आणि बॉयलरसमोर गुडघे टेकून दाबाचा काटा पाहिला. तो एकच्या आकड्याच्या बराच खाली उतरला होता. सकाळपासून घर तापवणारे खालचे सगळे रेडिएटर गार पडले होते, आणि बाहेर मेपल गावात डबकीसुद्धा गोठली होती. बॉयलरमध्ये पाणी भरायची नळी कुठे जोडायची हे ती सेहेचाळीस वर्षं बघत आली होती. जोडायचा मात्र लामर्ट, तिचा नवरा. त्याचं सगळं आयुष्य लोकांच्या घरचे बॉयलर दुरुस्त करण्यात गेलं होतं. गेल्या वर्षभरात त्याला वार आठवेनासे झाले होते, कधीकधी मुलीचं नावही.

नळीचं एक टोक तिने शेजारच्या वॉशिंग मशीनच्या नळाला बसवलं. दुसरं बॉयलरला लावणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांबा, थांबा. आधी नळीतली हवा काढायला नको का?"

लामर्ट जिना चढून वर आला होता. त्याने नळी तिच्या हातून अलगद काढून घेतली, तिचं टोक बादलीवर धरलं आणि नळ जरासा सोडला. नळी खाकरली, थुंकली, मग पाण्याची एकसारखी धार लागली. नळ बंद करून त्याने ती बॉयलरला जोडली.

"नाहीतर ती हवा रेडिएटरमध्ये जाऊन बसते, आणि मग तुम्ही लोक म्हणता, लामर्टने काम नीट केलं नाही."

यांतीन हसली. मग ते 'तुम्ही' तिच्या ध्यानात आलं.

तो काट्याकडे बघत होता. सकाळी शर्टाच्या बटणांशी झगडणारी त्याची बोटं आता पाण्याची चावी केसाएवढी फिरवत होती. काटा दीडच्या थोडा पुढे सरकल्यावर त्याने दोन्हीकडून पाणी बंद केलं, नळी बादलीत रिकामी केली, बॉयलर चालू केला आणि मान कलती करून ऐकत उभा राहिला.

"झालं, बाई. तासाभरात घर ऊबदार होईल."

बादली उचलत यांतीनने विचारलं,

"कॉफी घेऊन जाल ना?"

स्वयंपाकघरात तो खुर्चीच्या कडेवर बसला, परक्या घरी बसतात तसा. दुसरं बिस्किट नको म्हणाला. घरी कोण असतं, असं तिने विचारलं तेव्हा बायको असते म्हणाला. कशी आहे ती, हे विचारताना यांतीन कपात बघत होती.

तो पुष्कळ बोलला. ती विनोद सांगण्याआधी स्वतःच हसत सुटते; गाडी लावताना अर्धी गल्ली अडवते. मग त्याने एक जुनी हकिगत सांगितली. कंपनीने त्याला काढून टाकलं तेव्हा ते त्याने घरी सांगितलंच नव्हतं. तीन महिने तो रोज सकाळी निघायचा, कालव्याकाठी बसून राहायचा आणि सहाला घरी यायचा.

"तिला ठाऊक होतं," लामर्ट म्हणाला. "पण रोज सकाळी डबा भरून द्यायची. एका शब्दाने मला कळू दिलं नाही."

यांतीनने टेबलावरचा बिस्किटाचा चुरा हाताने गोळा केला, मग पुन्हा पसरला. आपल्याला ते ठाऊक होतं हे त्याला माहीत आहे, याची तिला आजवर कल्पना नव्हती.

"निघतो," तो उठला. "ती वाट बघत असेल."

त्याने कोट चढवला. तो एकदा स्टेशनवर भांबावून उभा असलेला सापडल्यापासून पुढचं दार कुलूपबंद असायचं आणि किल्ली तिच्या खिशात. किल्ली हातात धरून ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने दार उघडलं.

कामावरून तो नेहमी घरांच्या रांगेला वळसा घालून, मागच्या बोळातून, स्वयंपाकघराच्या दाराने यायचा. तो कोपऱ्यावर डावीकडे वळेपर्यंत ती बघत राहिली. मग लगबगीने आत येऊन तिने दोन्ही कप धुऊन ठेवले, मागच्या दाराची कडी काढली आणि खिडकीशी उभी राहिली. बोळ रिकामा होता. शेजारचं मांजर कुंपणावरून चालत गेलं. बोळ रिकामाच होता. आपण हे काय करून बसलो, असं वाटून तिने स्वतःचा कोट ओढला; एक हात बाहीत गेला असेल नसेल, तोच फाटक वाजलं.

लामर्टने पायपुसण्यावर बूट घासले आणि आपला गार गाल तिच्या गालाला लावला.

"उशीर झाला, यांतीन. एका बाईंच्या बॉयलरमधलं पाणी उतरलं होतं."

"झालं का काम?"

"झालं." तो तिच्या एका बाहीतल्या कोटाकडे बघत होता. मग म्हणाला, "भल्या आहेत बिचाऱ्या. एकट्याच असतात वाटतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा डोकावून येईन म्हणतो."

"जाऊन ये," यांतीन म्हणाली.