पहिल्या जनरेटरचं वाइंडिंग

बडोद्यात गोविंदराव शिर्क्यांच्या जनरेटर कंपनीला चाळीस वर्षं झाली, म्हणून ऑफिसच्या भिंतीवर कंपनीचा इतिहास रंगवून घेतला होता. त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई औक्षणाचं तबक घेऊन आल्या आणि तो वाचून दारातच थांबल्या. ‘पहिला जनरेटर संस्थापकांनी पाणीगेटच्या खोलीत एकट्याने बनवला. पत्नीने चहापाण्याची बाजू सांभाळली.’

“अहो, हे कोणी लिहिलं?”

“अलकापुरीच्या जाहिरातवाल्यांनी. मी फक्त वाचून होकार दिला.”

“होकार! मग त्या मशीनचं वाइंडिंग चहाच्या किटलीनं केलं का? तुमच्या दोन कॉइल जळल्या, तेव्हा पोळपाट सारून तांब्याची तार गुंडाळायला मी बसले होते.”

“अगं, हळू. माणसं ऐकतायत.”

“ऐकू देत. भिंत रंगवताना नाही लाज वाटली ती?”

गोविंदरावांना यंत्राची घरघर चाले, बायकोचा आवाज चढलेला चालत नसे.

बाहेर नवा जनरेटर ट्रकवर चढला होता. सुहासिनीबाईंनी कुंकू लावल्याशिवाय इथून मशीन हलत नसे, आणि ड्रायव्हर प्रतापसिंह त्याशिवाय गाडीही सुरू करत नसे.

“बेन, मोडुं थाय छे,” तो उशिराची कुरकुर करत म्हणाला.

बाईंनी तबक नवऱ्याच्या हातात कोंबलं. “घ्या. एकट्यानं बनवता, तर एकट्यानंच ओवाळा.”

प्रतापसिंह गाडीतून उतरून सरळ सावलीत जाऊन बसला.

“उद्या पुसून घेतो ते,” गोविंदराव पुटपुटले.

“मग कुंकूही उद्याच.”

कामगारांनी मान खाली घालून हसू दाबलं. गोविंदरावांनी तबक टेबलावर ठेवलं आणि टर्पेंटाइनची बाटली शोधायला स्वतःच स्टोअरकडे निघाले.