रुसलेला जावई

लेकीचं लग्न झालं त्या वर्षी मिस्त्रींच्या घरात जावई दोन झाले. त्यातला पहिला चार पायांचा.

कुत्र्याचं नाव मिस्त्रींनीच ठेवलेलं. काम ना धाम, सोफ्यावर बसून आयतं खायचं आणि वर गुरगुरायचं, म्हणून 'जावई'. मिस्त्रींचं दुकान सोफे दुरुस्तीचं. गिऱ्हाईक आलं की "जावई, उठा, बाईंना बसू द्या," म्हणायचे आणि हसायचे. त्या विनोदाला हसणारं घरात दुसरं कुणी नव्हतं.

लग्न ठरताच बायकोनं तंबी दिली, "अहो, आता खरा जावई येणार. हे नाव बंद. आजपासून 'राजा'."

लग्न पार पडलं आणि थोड्याच दिवसांत कुत्रा हाकेला उठेना. 'राजा, राजा' करून घसा बसला, तरी कान हलेना. ताटलीकडे पाठ फिरवून पडून राहायचा. मिस्त्रींनी ताबडतोब निदान केलं.

"रुसलाय. नाव काढून घेतलं ना त्याचं. शेवटी जावईच तो!"

"अंग तापलंय हो त्याचं."

"रागानं तापलंय. माझं नाही तापत?"

"तुमचं तापतं तेव्हा तुम्ही दोन घास जास्तच खाता."

मिस्त्री समजूत काढायला बसले. नवा स्पंज घालून गादी शिवून दिली. मांडीवर डोकं घेऊन भरवायला गेले, तेव्हा कानाच्या आत करडे, टपोरे मणी हाताला लागले. कापडावरून बोट फिरवून आतली गाठ सांगणारा माणूस! "चामखिळी आहेत," ते म्हणाले. "माझ्याही मानेवर आल्यात. वय झालं आम्हा दोघांचं."

रविवारी लेक नवऱ्याबरोबर माहेरी आली. कुत्र्यानं शेपूटसुद्धा हलवली नाही. तिनं त्याचा ओठ वर केला आणि ओरडलीच, "बाबा, हिरड्या बघा, पांढऱ्याफटक! रुसल्यावर हिरड्या पांढऱ्या होतात?"

जावयानं गाडी काढली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चिमट्यानं एक मणी ओढून टेबलावर ठेवला. मिस्त्रींची चामखीळ टेबलावरून चालू लागली.

"गोचीड आहे," बाई म्हणाल्या. "चावते तेव्हा रक्तात बारीक जंतू सोडते. ते आतून रक्त फोडतात. लघवी गडद होत होती?"

"चहासारखी," बायको म्हणाली.

"मग इतके दिवस थांबलात कशाला?"

बायकोनंच सांगून टाकलं, "हे त्याचा रुसवा काढत होते."

बाईंनी इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. कुत्र्याचे डोळे मिटलेले. मिस्त्री घाबरले आणि तंबी विसरले. वाकून म्हणाले, "जावई, ऊठ रे बाळा. असं नको करू. डोळे उघड."

"मामा, मी जागाच आहे," दारातून जावई म्हणाला.

धरणी दुभंगेल तर बरं, असं मिस्त्रींना झालं. पण फरशी चांगली पक्की होती. रडता रडता लेकीला हसू फुटलं, आणि तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पुढे आला, कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "म्हणजे हे थोरले. मग उठा की, दादा. मला एकट्याला सांभाळायला लावू नका या मामांना."

शेपूट टेबलावर एकदा आपटली.

तेवढ्यानं मिस्त्रींच्या जिवात जीव आला. बाईंनी मात्र बजावलं, उशीर फार झालाय, मूत्रपिंडं थकलीत. रक्तही चढवलं. मिस्त्री दुकान बंद ठेवून त्याच्याजवळ बसून राहिले. बुधवारी कुत्रा त्यांच्या हातून थोडं पाणी प्यायला. मिस्त्रींनी लगेच गल्लीभर सांगून टाकलं, "सुधारला! आता काळजी नाही." निदान करायची खोड काही गेली नव्हती.

गुरुवारी सकाळी कुत्रा गेला.